हिवाळे बँडाच्या संकेतस्थळाचा दर ठरला त्याची हकीकत

श्रीगजवदनास नमन, शारदेस नमन, आणि आपल्या कामाचें मोल सांगतां ज्यांची जीभ अडखळते त्या समस्त कारागिरांस दंडवत. शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासीं एका कसब्यांत जें वर्तलें तें जसें ऐकिलें तसें लिहितों.

त्या कसब्यांत शलाकाबाई टिपणीस म्हणून संकेतस्थळें रचणाऱ्या होत्या. नऊ वर्षें राजधानीच्या एका मोठ्या कंपनीची चाकरी करून कंटाळल्या, मग राजीनामा देऊन कसब्यास आल्या आणि घरींच कॉम्प्युटर मांडून स्वतंत्र कारभार सुरू केला. हात मोठा चलाख, काम चोख. परंतु दर सांगण्याचे ठायीं बाई फार भित्र्या. तासावर मोल लावीत, आणि जों जों हात जलद होई तों तों तास कमी भरत आणि मोलही कमी येई. कोणी दर पुसिला तर म्हणत, "पंचवीस हजार," आणि समोरचा तोंड उघडण्यापूर्वीच आपण होऊन म्हणत, "म्हणजे, वीसही चालतील." ऐसे अकरा महिने गेले. गांठीस होतें तें सरत आलें, आणि तशांत जुन्या कंपनीचें पत्र आलें कीं परत येत असाल तर सोमवारपर्यंत कळवावें, जागा दुसऱ्यास देणें आहे.

त्या वेळीं बाईंचे हातीं एकच काम होतें, तें राजमान्य गुणाजीराव हिवाळे यांचें. गुणाजीराव म्हणजे हिवाळे ब्रास बँडचे मालक. अठ्ठावीस वादक पदरीं, आणि आसपासच्या चार तालुक्यांतलीं थोर लग्नें त्यांच्या वाजंत्र्यावांचून होत नसत. आश्विनांत त्यांनीं बाईंस बोलावून सांगितलें कीं बँडची वेबसाइट करणें. बाईंनीं अठरा हजार सांगितले. गुणाजीराव तत्काळ म्हणाले, "ठरलं!" आणि चहा मागविला. घासाघीस मुळींच झाली नाहीं, तेव्हां बाईंनीं ओळखलें कीं दर फार कमी सांगितला. परंतु शब्द गेला तो गेला. काय करणें आणि काय न करणें हें कागदावर कांहींच लिहिलें नाहीं. मग काम वाढत चाललें. आधीं एकशें चाळीस गाण्यांची यादी, मग प्रत्येक वादकाचा फोटो, मग सीमेपलीकडचीं गिऱ्हाइकें येतात म्हणून कानडी पानें, मग घरबसल्या तारीख धरावी आणि तेथेंच पैसे भरावे ऐशी सोय. रंग सहा वेळां बदलिला. दर खेपेस गुणाजीराव फोनवर म्हणत, "ताई, एवढं एक करा, तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम." सात आठवडे गेले, दुसरें एक काम हातचें सुटलें, आणि बाईंनीं मनीं आणिलें कीं आपला हा कारभार आतां मोडावा.

शनिवारीं बाई तेंच सांगावयास बँडच्या दुकानीं गेल्या, तों तेथें एका वधूचे मामा तारीख ठरविण्यास येऊन बसले होते. गुणाजीरावांनीं बाईंस हातानेंच खुर्ची दाखविली आणि मामांस प्रश्न घालूं लागले. "वरात किती लांब?"

"असेल अर्धा कोस."

"रस्ता चढाचा का उताराचा? चढाला ट्रम्पेटवाल्याचा दम जातो. तारीख कोणती?"

"माघातली, बारा तारीख."

"लग्नांची दाट तिथी. तिचा दर वेगळा. चौकात थांबून नाचणार?"

मामा हसून म्हणाले, "पोरं आहेत, नाचणारच की. थोडा वेळ."

"थोडा वेळ म्हणजे घड्याळात किती ते सांगा. दोन तास धरतो. पुढं दर अर्ध्या तासाला वेगळे. नाचणारा थांबत नाही मामा, म्हणून मी आधीच लिहून घेतो. निम्मे आज, निम्मे वरात निघायच्या आधी." ऐसें म्हणून गुणाजीरावांनीं एकूण दर सांगितला. मामांनीं थोडी कुरकुर केली, मग निम्मे मोजून दिले, पावती घेतली आणि निघून गेले. गुणाजीरावांनीं आवाज चढविला नाहीं, कीं दर सांगून वर एक शब्द बोलिला नाहीं. बाई हें सर्व पाहत होत्या. काय सांगावयास आल्या होत्या तें राहिलें, आणि त्यांनीं टेबलावरची कोरी पावती उलटी करून तीवर लिहावयास आरंभ केला.

मग म्हणाल्या, "काका, अठरा हजारांचं काम तयार आहे. तो दर मीच सांगितला होता, तो पाळते. पण पुढं तुम्ही जे सांगितलंत त्याचे वेगळे. गाण्यांची यादी नऊ, फोटो सात, कानडी बारा, तारीख धरायची सोय बावीस. कोणतं हवं ते सांगा. निम्मे आज."

गुणाजीराव तप्त झाले. "माझंच वाजंत्र माझ्यापुढं वाजवता होय? आणि तुमचं काम ते काय, खुर्चीत बसून तर करायचं!"

"तुमच्या क्लॅरिनेटवाल्याला खुर्ची दिली तर तो निम्म्यात वाजवेल का?"

यावर गुणाजीराव कागद हातीं घेऊन पाहत बसले. मग बोलते झाले, "कानडी नको. फोटो राहू द्या. यादी मी सांगतो तोंडानं, गिऱ्हाईक विचारतंच. तारखेचं तेवढं करा. पंधरा देतो."

बाईंच्या ओठांवर "बरं" आलें होतें. त्यांनीं तें गिळलें. मागच्या खोलींत एक वादक ताशा तापवून वाजवून पाहत होता, तेवढाच आवाज. गुणाजीराव म्हणाले, "वीस."

"वीसमध्ये करते. मग पैसे भरायची सोय त्यातून काढते. गिऱ्हाईक तारीख धरेल, विसार द्यायला इथं येईल."

"ती काढू नका!" गुणाजीराव दचकून म्हणाले, "विसाराशिवाय तारीख धरली तर हंगाम बुडेल माझा. घ्या बावीस." आणि गल्ल्यांतून अकरा हजार काढून बाईंचे हातीं दिले, वर म्हणाले, "पावती द्या." बाई पावतीपुस्तक ठेवीत नसत; तेव्हां हिवाळ्यांच्याच पुस्तकांतील एक पान घेऊन सही केली.

सोमवारीं बाईंनीं कंपनीस नकार कळविला. घरीं बाईंचे यजमान म्हणाले, "विचार केलास ना?" बाई म्हणाल्या, "केला. भीती वाटतेय, पण केला." आणि भीती खरीच होती. नव्या दराचा कागद केला, तो पाहून एक मिठाईवाले आणि एक शिकवणीवाले माघारीं फिरले. पौषांत काम मुळींच मिळालें नाहीं. बाईंनीं दोनदां दर खोडून कमी लिहिला आणि दोनदां पुन्हां पहिला लिहिला. माघांत दांतांच्या वैद्य कृष्णाबाई सबनीस आल्या, सत्तर हजार ऐकून म्हणाल्या, "जास्त वाटतात. यात काय काय येतं?" बाईंनीं एकेक कलम वाचून दाखविलें, काय येत नाहीं तेंही सांगितलें, आणि थांबल्या. वैद्यबाईंनीं चार दिवस घेतले, पांचवे दिवशीं निम्मे पाठविले.

फाल्गुनअखेर एकूण सहा जणांनीं दर पुसिला. चौघे गेले, दोघे राहिले. त्या दोघांच्या कामावर घर निभावलें, कागदांत लिहिल्याप्रमाणें रंग दोनदांच बदलूं लागला, आणि बाई दुपारीं ऊन ऊन जेवावयास बसूं लागल्या. जें घडलें तें इतकेंच. लिहिणारानें आंकडा वाढविला नाहीं, भिऊन घटविलाही नाहीं.