आईच्या गुडघ्यावरची उल्का

दगड सांभाळायला काय अक्कल लागते? असं मी मेघालीला छातीठोकपणे विचारलं, आणि ती बिचारी विश्वास ठेवून बसली!

मेघाली म्हणजे माझी बायको. उल्कांवर संशोधन करते. ठाण्यातल्या व्याख्यानासाठी तिने प्रयोगशाळेतून एक दुर्मिळ तुकडा घरी आणलेला. तळहाताएवढा, करपलेल्या भाकरीसारखा!

"दर्शन, हा ज्वालामुखीतला दगड. साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी कुठल्यातरी चिमुकल्या ग्रहावर लाव्हा होऊन वाहिला. तो किती झटपट थंड झाला, तेच तर महत्त्वाचं!" एवढं सांगून ती कल्याणला मीटिंगला गेली.

मी काय ऐकलं? झटपट थंड करणं महत्त्वाचं! त्यात डोंबिवलीचा उकाडा. दिला ठेवून फ्रिजमध्ये, कोथिंबिरीशेजारी!

संध्याकाळी बघतो तर दगड गायब!

"आई, फ्रिजमधला काळा दगड कुठंय?"

"तो होय! पार गारठलेला. तव्यावर छान तापवला," आई हॉलमधून म्हणाली.

बाम चोपडलेल्या गुडघ्यावर आई फडक्याने धरलेल्या त्या दगडाने शेक घेत बसलेली! मी झडप घातली, बोटं भाजली, किंचाळलो, आणि नेमकी दारात मेघाली!

"तव्यावर?" तिचा चेहरा पांढराफटक पडला.

आई रडवेली झाली. "अगं, मला काय ठाऊक! तुझी नोकरी तर नाही ना जाणार?"

मेघालीने फडक्याने दगड उचलला, उलटसुलट पाहिला, हुंगला. मग खुदकन हसली. "साडेचारशे कोटी वर्षांत पहिल्यांदाच याला निलगिरीचा वास येतोय! आई, हा हजार डिग्रीच्या वर वितळून आलाय. आपल्या तव्याला कसला भितोय! मोजमापंही दुसऱ्या तुकड्यावर झालीत. बामाचं मी बघते. पण गुडघा कधीपासून दुखतोय?"

"दिवाळीपासून. तू कामात गुंतलेलीस, म्हटलं कशाला..."

मेघालीने दगड बाजूला ठेवला. खाली बसून आईचा पाय मांडीवर घेतला. हलक्या हाताने गुडघा चोळू लागली.

"उद्या सकाळी डॉक्टर. मी नेणार. तिथून आपण दोघी व्याख्यानाला. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं."

"इश्श! मला काय कळतंय त्यातलं?" आई म्हणाली, पण कुठलं लुगडं नेसायचं, ते लगेच विचारलं.

"आणि मी?" मी बोटांवर फुंकर घालत विचारलं.

"तू घरीच थांब," दोघी एका सुरात म्हणाल्या, "आणि कशालाही हात लावू नकोस!"