गोदाम क्रमांक चारची प्रगती

प्रगती करायची म्हटली की कोणत्याही संस्थेला काहीतरी हलवावंच लागतं. कारखाना हलवणं खर्चाचं असतं, साहेबांना हलवणं धोक्याचं असतं आणि कामगार सांगूनही हलत नाहीत. राहता राहिली संगणकातली माहिती. तिला वजन नसतं, तिची संघटना नसते आणि उचलताना ती ओरडत नाही. म्हणून सगळ्या शहाण्या संस्था तिलाच हलवतात.

ही कंपनी पंप बनवायची. सात-आठ देशांत तिचे कारखाने होते, आणि जगातलं बरंचसं पाणी नको तिथून उपसून हवं तिथे (कधी कधी उलटही) पोचवल्याचं श्रेय तिला होतं. खरेदी, उत्पादन, साठा, विक्री, पगार, रजा, सगळ्याची नोंद एका सिस्टिममध्ये होई. ही सिस्टिम तळघरात काचेच्या भिंतीमागे राहायची. तिला सगळे ‘म्हातारी’ म्हणत. ती सावकाश चाले, दुपारच्या जेवणानंतर तिला गुंगी येई, पण एकदा सांगितलेलं ती विसरत नसे. आवारातली एकुलती एक थंड खोली तिची असल्यामुळे उन्हाळ्यात तिच्या तब्येतीची चौकशी करायला साहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळे जात. इतकी माणसं येऊन-जाऊन असलेली म्हातारी आता कुठे पाहायला मिळायची!

मोठ्या बाई तिसऱ्या गोदामाच्या प्रमुख. त्या नोकरीला लागल्या तेव्हा अख्ख्या कारखान्यात त्या एकट्याच बाई, म्हणून नुसत्या ‘बाई’. पुढे हिशेब खात्यात दुसऱ्या एक जणी आल्या, त्यामुळे या मोठ्या झाल्या. त्यांना मिळालेली ही एकमेव बढती. (दुसऱ्या पुढे संचालक झाल्या. पण कारखान्यात त्या अजूनही ‘धाकट्या बाई’च आहेत.)

म्हातारी नव्हती तेव्हाचा काळ मोठ्या बाईंना लख्ख आठवायचा. तेव्हा माल शोधायचा म्हणजे गोदामाच्या दारात उभं राहून हाक मारायची. कुणीतरी आतून ओ द्यायचं आणि पंप बाहेर यायचा. ही पद्धत फारच मागासलेली होती. तिच्यात पंप सापडायचा.

मग म्हातारी आली. तिचा एकच हट्ट होता: प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या गोदामात असलीच पाहिजे. गोदामं तर तीनच. मग ट्रकमध्ये असलेला माल कुठे दाखवायचा? तपासणीच्या टेबलावरचा? फुटलेला? कुणीतरी ‘बघून देतो’ म्हणून नेलेला? म्हातारी तोंड फुगवून बसली. तेव्हा तिला बसवायला आलेल्या इंजिनियरने डोकं खाजवलं आणि म्हटलं, “मग एक चौथं टाका ना.”

असं गोदाम क्रमांक चार जन्माला आलं. त्याला जमीन लागली नाही, विटा लागल्या नाहीत, उद्घाटनाला पाहुणे लागले नाहीत. जे कुठे बसेना ते चारात जाऊ लागलं. हळूहळू हा शब्द माणसांच्याही तोंडी बसला. रजेचा अर्ज मंजूर होईना, तो चारात. साहेबांनी दिलेला शब्द, चारात. कुणाच्या मुलाचं लग्न कुठवर आलं विचारावं, तर बाप सांगे, “सध्या चारात आहे.” मोठ्या बाईंच्या घरीही चष्मा सापडेना तेव्हा त्यांचे यजमान आधी चारात पाहायला सांगत आणि मग कपाळावर.

अशी काही वर्षं सुखाने गेली. मग मुख्यालयातून हुकूम आला की म्हातारी थकली आहे, सिस्टिम क्लाउडवर न्यायची. (क्लाउड म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी संगणक. तो इतका लांब असतो की त्याच्यावर रागावता येत नाही.) त्यासाठी सल्लागार नेमले गेले. थोरल्या सल्लागारांचा दांडगा अनुभव असा की त्यांनी आजवर बारा कंपन्या क्लाउडवर नेल्या होत्या. त्यातल्या सात अजून चालू होत्या. कामाचे टप्पे ठरले: अभ्यास, अभ्यासाचा अभ्यास, माहितीचं शुद्धीकरण, रंगीत तालीम आणि अभिनंदन. अभिनंदनाची तारीख आधी ठरली आणि बाकीचे टप्पे तिच्या मागच्या बाजूला जमेल तसे बसवले.

शुद्धीकरण हे सगळ्यांत पवित्र काम. त्यात मोठ्या बाईंची सून होती. याच कंपनीत नोकरीला, सल्लागारांच्या हाताखाली. अशुद्ध काय ते वेचून काढायचं: एकाच बोल्टची पाच नावं, मेलेले पुरवठादार, ज्यांच्या पत्त्यात पिनकोड नाही असे गिऱ्हाईक. हे सगळं टाकून देता येईना, कारण क्लाउडही म्हातारीइतकाच हट्टी निघाला. प्रत्येकाला कुठलं तरी ठिकाण हवंच. म्हणून तात्पुरती सोय म्हणून बोल्ट, पुरवठादार आणि गिऱ्हाईक सगळे चारात हलवण्यात आले.

रंगीत तालमीत सिस्टिमने पहिल्यांदाच सगळ्या देशांतल्या सगळ्या गोदामांची तुलना करून दाखवली. थोरल्या सल्लागारांचं बोट गोदाम क्रमांक चारच्या ओळीवर येऊन थांबलं. विजेचं बिल: शून्य. अपघात: शून्य. गैरहजेरी: शून्य. उंदीर: शून्य. आणि साठा मात्र कंपनीतला सर्वाधिक! एवढा माल इतक्या कमी खर्चात सांभाळणारं गोदाम पृथ्वीवर दुसरं नव्हतं.

मोठ्या बाईंना बोलावणं आलं.

“बाई, चारचे प्रमुख कोण आहेत? आम्हाला त्यांचा सत्कार करायचा आहे.”

“अहो, चार नाहीये.”

“नाहीये म्हणजे?”

“म्हणजे भिंती नाहीत, छप्पर नाही, दार नाही.”

“म्हणजे देखभाल नाही,” सल्लागार लिहून घेत म्हणाले. “आणखी?”

“आणखी काय सांगू? तिथे माणसंच नाहीत.”

“वा!” सल्लागार म्हणाले, आणि हे त्यांनी अधोरेखित केलं.

“साहेब, ते गोदाम खोटं आहे हो! पुसून टाका ना ते.”

सल्लागारांनी पेन खाली ठेवलं. लहान मुलाला समजवावं तशा आवाजात ते म्हणाले, “ज्या गोदामात माल आहे ते पुसता येत नाही, बाई. आणि माल पुसला तर तो गेला कुठे हे भागधारकांना सांगावं लागेल. तुम्ही सांगाल?”

बाईंचं तर्कशास्त्र जुन्या वळणाचं होतं. आधी वस्तू, मग नोंद.

आठवडाभरात परिपत्रक निघालं:

“उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, गोदाम क्रमांक एक, दोन व तीन ही भिंतींवरील अवाजवी खर्चास्तव बंद करण्यात येत आहेत. सदर गोदामांतील सर्व माल व कर्मचारी गोदाम क्रमांक चार येथे वर्ग करण्यात आले आहेत. कर्मचाऱ्यांनी एक तारखेस तेथे रुजू व्हावे. रुजू न होणाऱ्यांनी स्वखुशीने राजीनामा दिला असे समजण्यात येईल. जाण्यायेण्यासाठी बसची सोय केली आहे. बसचा थांबा सिस्टिममध्ये पाहावा. हे पत्र सिस्टिमने काढले असल्याने सहीची आवश्यकता नाही.”

पहिल्या आणि दुसऱ्या गोदामातल्या साहेबांनी लगेच मुख्यालयात ओळखी काढल्या आणि बदल्या करून घेतल्या. त्यांची माणसं आणि त्यांचे पंप शेवटी तिसऱ्यातच येऊन पडले. आता सगळ्यांची तोंडं मोठ्या बाईंकडे.

फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला सगळे ‘महाराज’ म्हणत, कारण तो बसूनच काम करायचा. तो बाईंच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. उभा राहिला यावरूनच बाईंनी प्रकरण ओळखलं.

“बाई, रुजू व्हायला माझी काही ना नाही. फक्त कुठल्या दिशेला तोंड करून चालायला लागू, तेवढं सांगा.”

“थांब रे जरा. बघते मी.”

“घरी पाच तोंडं खाणारी आहेत, बाई. त्यातलं एक सासूबाईंचं आहे. त्यांना ‘नोकरी चारात आहे’ असं सांगून चालणार नाही.”

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या त्या पर्स खुर्चीवर आपटूनच. सून भाजी निवडत होती.

“तुझ्या त्या क्लाउडने माझी माणसं रस्त्यावर आणली!”

“रस्त्यावर नाही, आई, चारात. आणि तुम्ही उगीच त्यांच्याशी खरं-खोटं करत बसलात. सिस्टिम असं विचारते का, की तुम्ही खरंच चारात आहात का?”

“मग काय विचारते?”

“दाराचा नंबर काय.”

“दाराचा नंबर तीन!”

“मग रंगवून घ्या की.”

बाईंनी आपटलेली पर्स उचलून जागेवर ठेवली आणि सुनेकडे नव्याने पाहिलं. लग्न ठरवताना मुलगी पाहायला गेल्या होत्या, तेव्हा ही एक अक्षर बोलली नव्हती. माणसाची पारख करण्यात आपण कधीच पटाईत नव्हतो, हे त्यांनी मनोमन कबूल केलं.

एक तारखेला सकाळी रंगाऱ्याने तिसऱ्या गोदामाच्या लोखंडी दारावरचा तीन पुसून चार काढला. तीन क्रमांकाचं गोदाम नियमानुसार बंद झालं. माणसं एका दारातून बाहेर पडली, अंगणात चहा प्यायली आणि त्याच दारातून आत जाऊन रुजू झाली. बसचा थांबा मात्र शेवटपर्यंत कुणाला सापडला नाही. पण बस वेळेवर सुटत असल्याची नोंद रोज होत होती. पगार झाले. महाराज पुन्हा बसला. सगळ्या देशांत एकाच दिवशी अभिनंदन करण्यात आलं आणि म्हातारीची वायर काढली. त्या दिवशी बाई तळघरात एकट्याच गेल्या होत्या. खोली उबली होती. आता तिथे कुणी चौकशीला येणार नव्हतं.

इथेच सगळं गोड झालं असतं. पण चार आता खरं झालं होतं, आणि खरं होण्याचे तोटे असतात.

तिमाही आढाव्यात मुख्यालयातले बडे साहेब मोठ्या पडद्यावर अवतरले. त्यांचा चेहरा पडला होता. आदर्श गोदाम घसरलं होतं. वीज: पूर्वी शून्य, आता चार हजार युनिट. गैरहजेरी: पूर्वी शून्य, आता अकरा. चहा: पूर्वी शून्य, आता मोजदादीपलीकडे. चेंगरलेले अंगठे: पूर्वी शून्य, आता एक. (तो महाराजाचा होता. त्याने तो लपवायचा प्रयत्न केला, पण अंगठ्याशिवाय हजेरी लागत नव्हती.)

थोरल्या सल्लागारांनी घसरणीच्या कारणांचा सखोल अभ्यास केला होता. निष्कर्ष एका ओळीचा होता: घसरण माणसं रुजू झाल्यापासून सुरू झाली आहे. उपाय अर्ध्या ओळीचा होता.

“स्थानिक प्रमुखांना काही म्हणायचं आहे?” पडद्याने विचारलं.

बाईंनी मागे पाहिलं. दाराच्या फटीतून त्यांना बँडेज बांधलेला एक अंगठा दिसत होता. खरं सांगून काय मिळतं ते त्यांनी एकदा पाहिलं होतं. त्यांनी पदर सारखा केला.

“साहेब, चार उत्तमच आहे. त्याला नजर लागली ती माणसांची. तेव्हा मी म्हणते, एक पाच काढावं. माणसं, दिवे, चहा, अंगठा, सगळं पाचात टाकावं. माल चारातच असू द्यावा.”

बडे साहेब पुढे झुकले. “आणि पाचमध्ये माल किती असेल?”

“बिलकूल नाही. त्यामुळे तूट शून्य, चोरी शून्य, उशीर शून्य.”

टाळ्यांचा आवाज समुद्रापलीकडून यायला जरा वेळ लागला, पण आला.

तेव्हापासून सगळं सुरळीत आहे. माल चारात आहे आणि माणसं पाचात आहेत. दोन्ही गोदामं एकाच छपराखाली, एकाच दाराआड. दारावरचा चार तसाच ठेवून शेजारी पाच काढला, एवढंच. दोघांचा सगळ्या देशांत पहिला आणि दुसरा नंबर येतो. पाचातल्या माणसाने चारातल्या पंपाला हात लावायचा तर आंतर-गोदाम परवानगी लागते. ती मागायचं बटण पुढच्या टप्प्यात येणार आहे. तोवर माणसं पंपांच्या शेजारी बसून असतात. महाराजाचा अंगठा बरा झाला. त्याच्या सासूबाई जावयाची बढती झाली असं सगळ्यांना सांगतात. बाई कधी कधी एखाद्या खोक्यावरची धूळ पदराने पुसतात. तेवढं अजून नियमात बसतं.

आणि गिऱ्हाईक? त्यांचीही काळजी घेतलेली आहे. शुद्धीकरणाच्या वेळी ज्यांच्या पत्त्यात खोट निघाली ते सगळे चारात टाकलेले होतेच. आता पंपही चारात. म्हणजे ज्याचा पंप त्याच्या पत्त्यावर आपोआप पोचतो, ट्रक लागत नाही. सिस्टिम लगेच हिरवी खूण करते आणि गिऱ्हाइकाला फोनवर निरोप पाठवते: ‘आपली वस्तू मिळाली. आपण समाधानी आहात. धन्यवाद.’

परवा दुपारी त्यातल्याच एकाचा फोन आला. आवाज चढलेला. नळाला चार दिवस पाणी नाही म्हणे, पंप कुठे आहे म्हणे. बाईंनी शांतपणे नाव विचारलं, पडद्यावर पाहिलं. त्यांच्या समोरच खोकं होतं. त्यावर ते नाव होतं. नियम मोडून त्यांनी खोक्यावर एकदा हात ठेवला. मग पाचातली सगळी माणसं आपल्याकडे पाहताहेत हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात काढून घेतला.

“पंप केव्हाच पोचलाय हो,” त्या मायेने म्हणाल्या. “घरी नाही आहात ते तुम्ही.”

तुम्ही फोन आपटलात. पत्त्याचा पिनकोड सांगायला मात्र त्याही वेळी विसरलात.