हरणाबाईचा आवाज

सुट्टीवर आलेला जालिंदर उंबऱ्यात बसला होता आणि त्याचं तीन वर्षांचं पोरगं, अर्जुना, समोर उभं राहून त्याला सलाम ठोकत होतं.

"सलाम नगं रं. तोंडानं म्हण. आबा म्हण."

अर्जुनानं परत सलाम ठोकला. या खेपेला टाचही आपटली.

"आवं, त्येला बोलाय येत न्हाई," चुलीपुढनं लीलाबाई म्हणाली. "मला आजून आय बी म्हणत न्हाई."

जालिंदर पासष्टची लढाई उरकून घरी आला होता. येताना आगगाडीत त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं, पोरगं दारातच आबा म्हणून गळ्यात पडणार.

लीलाबाई दिवसभर रानात. पोरगं दिवसभर आजीपाशी. आजी म्हणजे हरणाबाई, जालिंदरची आई, आणि ती ठार बहिरी. तापात तिचे कान गेले. बोलता यायचं, पण आपला आवाज किती मोठा हे कळायचं नाही. एकदा ती शेजारच्या नाथाजीच्या बायकोबद्दल सुनेच्या कानात पुटपुटली. ते नाथाजीच्या बायकोनं आपल्या घरात बसून ऐकलं आणि तिथनंच उत्तर दिलं. मग काय, हरणाबाईनं तोंड उघडलं की जो तो ओठावर बोट ठेवायचा. "आये, हळू बोल." "आत्याबाई, हळू बोला." दुसरं काही तिला समजायचं नाही, पण हे ओठ हलले की समजायचं. शेवटी तिनं बोलणंच सोडून दिलं.

नातवाशी मात्र ती हातानं बोलायची. कपाळावर दोन बोटं म्हणजे शेळी. मिशीला पीळ म्हणजे नाथाजी. ओठाला चिमूट म्हणजे गूळ. आणि सलाम म्हणजे आबा. पोरगं बापाला मघापासून आबाच म्हणत होतं. पण हे बापाला सांगणार कोण?

नाथाजी आला, पोराला नीट न्याहाळून म्हणाला, "जालिंदर, ह्ये बहिरं हाय गड्या. आरं अर्जुना!"

अर्जुनानं कानामागं हात धरला. आजी धरायची तसाच.

"बघितलंस? आजीचं नातवात उतारलंय."

"आवं, आत्याबाईंचं कान तापात गेलं," लीलाबाई म्हणाली.

"मग ताप उतारला आसंल!"

झालं. त्या दिवसापासनं पोराशी सगळी आळी ओरडून बोलायला लागली. पाणी दे म्हणायचं तरी वेशीपर्यंत आवाज. जालिंदरनं तर परेडचा आवाज लावला, "अर्जुनाऽऽ!" कोंबड्या छपरावर गेल्या, नाथाजीचा बैल दावं तोडून पळाला आणि अर्जुना आजीच्या लुगड्यामागं जाऊन बसला. सगळ्या आळीत दचकली नाही ती फक्त हरणाबाई. तिनं मनातल्या मनात सागरेश्वराला नारळ बोलून ठेवला होता. पोराला वाचा फुटू दे.

मग नाथाजी आपला राघू घेऊन आला. राघूनं उष्टावलेला पेरू खाल्ला की पोर बोलतं, असं त्याचं म्हणणं. पण या आरडाओरड्यानं राघू इतका भेदरलेला की पेरूला शिवेना. लई मिनतवाऱ्यांनी त्यानं एक चोच मारली. जालिंदरनं पेरू पायरीवर ठेवला, पोराला उचलायला वळला, तेवढ्यात शेळीनं तो गट्टम केला.

"आता शेळी बोलाय लागली म्हंजे झालं," लीलाबाई म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला.

जालिंदर तिच्याजवळ सरकला. हळूच म्हणाला, "पिशवीत लिमलेटच्या गोळ्या हायत. आत्ता दावू नगं, जेवायचं न्हाई त्ये."

अंगणाच्या पार टोकाला अर्जुना मातीत खेळत होता. तो उठला, आला आणि बापापुढं हात पसरून उभा राहिला.

"आगं, ऐकाय येतंय ह्येला!" जालिंदर ओरडला.

"मग बोलत का न्हाई?"

"कुणाकडनं शिकंल?" नाथाजीनं निकाल दिला. "दिसभर म्हातारीपाशी. कुंडलला मामाकडं ठीव. तितं घरभर पोरं हायत, आपसूक बोलंल."

पटण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी पोराला नवा सदरा घातला. हरणाबाई हातानं सगळ्यांना विचारत राहिली, कुठं? कुणालाच तिचे हात वाचता येत नव्हते. गाडीत बसल्यावर अर्जुनानंच तिला हातानं सांगितलं, जातो आणि येतो.

बेंदराच्या सणाला लीलाबाई त्याला घेऊन आली. तोवर जालिंदर पलटणीत परत गेला होता. पोरगं वाटभर बोलत होतं. दारातनंच ओरडलं, "आज्जे! मामानं बैलाची शिंगं रंगीवली! गोंडं बांदलं! मी बी बांदलं!"

हरणाबाईनं त्याचे ओठ बघितले. सागरेश्वराच्या दिशेला हात जोडले, लगेच नारळ फोडला. मग नातवाला जवळ घेऊन कपाळावर दोन बोटं धरली आणि पुढं दोन बोटं दाखवली. शेळीला दोन करडं झालीत.

अर्जुना कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "शेळी म्हण की. तोंडानं म्हण."

तिनं कानामागं हात धरला. तोवर तो पोरांत पळाला होता.

मग रोज तेच. ती ओठाला चिमूट लावून उंबऱ्यात बसायची. तो यायचा, गूळ घ्यायचा आणि जायचा. हाताची भाषा त्याला नको झाली होती. पोरं हसायची.

एक दिवस तिनं बघितलं, अर्जुना पोरांच्या घोळक्यात नाथाजीला काहीतरी रंगवून सांगतोय आणि नाथाजी पोट धरून हसतोय. ती कितीतरी वेळ बघत राहिली. आणि मग इतक्या वर्षांनी तिनं तोंड उघडलं.

"अर्जुनाऽऽ! माज्याशी बी बोल की रंऽऽ!"

कोंबड्या छपरावर गेल्या. राघूनं पिंजऱ्यात फडफड केली.

"आरं तिच्या! म्हातारीला वाचा फुटली!" नाथाजी म्हणाला. "लीलाबाई, त्यो पेरू शेळीनं न्हाई, हिनंच खाल्ला बग!"

आळी हसली. पोरं तर लोळली. अर्जुना लाजेनं लाल झाला, पळत आजीकडं आला आणि ओठावर बोट ठेवून अगदी स्वच्छ बोलला,

"आज्जे, हळू बोल."

हरणाबाईला ऐकू आलं नाही. पण हे एवढं तिला समजत होतं.

तिनं मान हलवली, तोंडाला पदर लावला आणि करडांना पाला टाकायला गेली.