दुलईवर रखडलेल्या सरदारांची हकीकत

श्रीकुलस्वामिनी सुप्रसन्न असो, वीज अखंड राहो. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरीं, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस, दोन खोल्यांच्या एका राज्यांत जें वर्तलें तें येणेंप्रमाणें. राणी शाल्मलीबाईसाहेब लग्नाच्या चित्रफिती जुळवून देत. बाळंतपणानंतरची ही पहिलीच कामगिरी, आणि फीत त्याच सायंकाळीं नवरीच्या स्वागतसमारंभीं लागावयाची. न पोचली तर "बाळ झालं, बाईंचं काम संपलं" ऐसा बोभाटा होणार. युवराज निजले, बाईसाहेब लॅपटॉप घेऊन दुलईवर बसल्या, आणि आंतील प्रोसेसर सरदार ऐन समयीं रखडले. पंखा घुरघुरे, बूड तापे, आणि फीत तयार होण्याची वेळ पडद्यावर दिसे ती समारंभ आटोपल्यानंतरची! मग पतिराज हृषीकेशमहाराज मोबाइल मिरवीत पातले आणि म्हणाले, "ओव्हरक्लॉक करू या. दुप्पट पळेल! व्हिडिओत बघितलंय मी."

बाईसाहेब वदल्या, "अहो, धापा टाकतोय तो, आणि चाबूक कसले मारताय? आधी ह्याच्यावर उघडी ठेवलेली तुमची ती क्रिकेटची नि सोफ्यांची पानं बंद करा."

महाराजांनीं जड अंतःकरणें सोफे सोडले. मग पाहिलें तों बॅटरी वांचावी म्हणून महाराजांनींच सरदारांस अर्ध्या शिध्यावर ठेविलें होतें. तो हुकूम फिरविला, आणि लॅपटॉप विझवून उलटा केला, तों वाऱ्याच्या जाळींत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि अक्षता! घरचें शस्त्र तें हेंच, म्हणोन सासूबाई मातोश्रींनीं दसऱ्यास यथासांग पूजिलें होतें.

मातोश्री कोमेजून म्हणाल्या, "पूजेनं कधी वाईट होतं का गं?"

"नाही हो आई. पूजा पावली त्याला. नुसत्या अक्षता नाकात गेल्यात."

मातोश्रींस हसूं फुटलें. "आण तुझा तो भुवयांचा चिमटा. मी घातल्या, मीच काढते."

आणि जाळी मोकळी जाहली, आणि चार्जर जोडून लॅपटॉप दुलईऐवजीं पोळपाटावर विराजमान केला, आणि सरदार जे दौडले ते थांबेचनात. तोंच युवराजांनीं टाहो फोडिला.

महाराज म्हणाले, "अगं, उठला बघ!"

"माझा सरदार दौडतोय. तुमचा तुम्ही घ्या."

मग महाराज युवराजांस खांद्यावर घेऊन येरझारा घालूं लागले, आणि दिवेलागणीपूर्वीं फीत नवरीकडे रवाना जाहली.

सारांश, सरदारांचें बळ काडीमात्र वाढविलें नाहीं. अंगावरचें ओझें उतरलें, तों ते आपल्या पुऱ्या चालीनें चालले. "स्पीड मी वाढवला," ऐसें महाराज फोनवर मित्रमंडळीस सांगते जाहले. बाईसाहेबांनीं तें खोडिलें नाहीं. कारण युवराज महाराजांच्याच खांद्यावर निजले होते.