पायावरची टोपी

आमच्या कामरगावात गुलाबराव कोणाच्याही पायावर टोपी ठेवतो. एसटी सुटायला लागली की कंडक्टरच्या. लाइट गेली की लाइनमनच्या. एकदा बैल वाट सोडेना, तर बैलाच्या खुरावर ठेवली. बैलानं ती चघळली.

त्याचं कारण असं, की गुलाबराव तरुणपणी मुंबईला पळाला आणि अर्धं आयुष्य सिनेमात काढून आला. हिरो म्हणून नाही. मुलीचा बाप म्हणून. वरात परत फिरली की यानं पागोटं काढायचं, वराच्या बापाच्या पायावर ठेवायचं आणि रडायचं. तेवढंच काम. पंचविशीतच त्याला पांढऱ्या मिशा चिकटवल्या. पुढे खऱ्या पांढऱ्या झाल्या, तरी काम तेच. "कितीक हिरोइनी उजवल्या म्या, वहिनी!" असं तो सांगतो. स्वतःचं लग्न तेवढं राहून गेलं.

माझी नात स्वाती, तिला मालेगावचे पाहुणे पाहून गेले होते. त्यांनी निरोप धाडला, "घरात बोलायले माणूस नाही." माझा मुलगा वारला, हे खरं. पण मी काय म्हैस आहे? तरी दुसरे पाहुणे यायचे म्हटल्यावर मी गुलाबरावकडे गेले. दुसरा कोणी रिकामा नव्हता.

"पोरीचा बाप म्हणून बसजो. पण टोपी काढली तं याद राख. पोरीचं हसं होईन."

"नाही काढत, वहिनी," तो म्हणाला, आणि शपथ म्हणून टोपी माझ्या पायावर ठेवली.

पाहुणे आले. मुलगा स्वातीला पसंत पडला, ते तिच्या तोंडावरच दिसत होतं. चहा झाला. मग मुलाचा बाप खाकरला.

"पोरगी बेस हाये. पण तुमची परिस्थिती..."

गुलाबरावचा हात डोक्याकडे गेला. हात केसांवर चाचपडला. चुलीपाशी अडकल्यानं माझं लक्षच गेलं नव्हतं. आज त्याच्या डोक्यावर टोपीच नव्हती. हात परत गुडघ्यावर आला.

"परिस्थिती दिसते तशी हाये," तो साध्या आवाजात म्हणाला. "पण पोरगी कोणाच्या पाया पडून नाही द्यायची आमाले."

मुलाचा बाप हसला. "पाया कायले पडता? अजून एक कप चहा द्या अन् तारीख काढा."

मी चहाचं आधण पुन्हा चढवलं.

पाहुण्यांची जीप गेल्यावर मी विचारलं, "टोपी कुठी हाये रे?"

"पेटीत कुलूप लावून आलो. हाताचा काय भरोसा?" त्यानं उघड्या डोक्यावरून हात फिरवला. "त्या पोरी सिनेमाच्या होत्या, वहिनी. ही तं घरची हाये ना."