सासऱ्यांना लागलेला गळ

परदेशातून शिकून आलेल्या माणसाने जग जरूर सुधारावं, पण सुरुवात सासऱ्यांपासून करू नये, हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं. (बायकोने सांगितलं होतं. पण ती घरचीच, म्हणून मनावर घेतलं नाही.)

सासरे मासेमारी क्लबचे अध्यक्ष. दर रविवारी गळाला गांडूळ लावून तळ्यावर बसायचे आणि बोटाएवढ्या माशांनी पिशवी भरून आणायचे. ती पिल्लं मला बघवायची नाहीत. वितीपेक्षा लहान मासा परत पाण्यात सोडायचा, असा नियम क्लबने करावा म्हणून मी त्यांच्या मागे लागलो.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "लहान सोडले तर घरी काय नेऊ? मोठा लागतो कुठे?"

"जिगला लागतो," मी म्हणालो आणि अडकलो. कारण जिगबद्दल मी फक्त वाचलं होतं. (भरपूर वाचलं होतं, एवढं मात्र खरं.) रविवारी दाखवतो, असंही तोंडातून गेलं. दाखवता आलं नाही तर नियमाचं नाव काढायचं नाही, असं सासऱ्यांनी हसत हसत कबूल करून घेतलं.

जिग म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ. त्याला रबराच्या पट्ट्यांची झालर. तो तळाशी जाऊ द्यायचा, काठीचं टोक उचलून त्याला उडी मारायला लावायची, पुन्हा पडू द्यायचा. मोठा मासा आळशी असतो, समोर पडलेलं गिळतो. आपल्या हाताला जाणवते फक्त एक टिचकी. ती जाणवली की विचार न करता काठी झटकायची. (विचार न करण्याचं शिक्षण मला कोणत्याही विद्यापीठात मिळालं नव्हतं.)

म्हणून शनिवारी सराव ठेवला. मी जिन्याच्या वरच्या कठड्याशी, जिग खालच्या पायरीवर, आणि दोऱ्याला टिचक्या मारायला बायको. गळाचं टोक बोथट कर, असं ती म्हणाली. सराव खरा हवा, असं मी म्हणालो. तळ्याचा तळ दिसत नसतो, म्हणून डोळेही मिटून घेतले. मध्येच बायको गॅसवरचं दूध बघायला आत गेली. तसं सांगूनही गेली म्हणे. मी उड्या मारवतच राहिलो.

आणि टिचकी आली. मी काठी झटकली. काठीची कमान झाली.

"मोठा आहे, जाळं आण," मी ओरडलो.

खालून बायकोचा शांत आवाज आला, "अरे, दोरा सोड. बाबा आहेत ते."

उद्याची तयारी बघायला आलेले सासरे वर्गात उत्तर येणाऱ्या मुलासारखा हात वर करून उभे होते. गळ स्वेटरच्या बाहीत. मी मदतीला धावलो, पण काठीसकट, त्यामुळे दोरा त्यांच्याभोवती गुंडाळला गेला. शेवटी बायकोने कात्रीने त्यांना सोडवलं. मी माफीची वाक्यं जुळवत होतो, पण सासरे पायरीवर बसून जिगकडेच बघत होते.

"खाण्यातलं काही नाही, हे दिसत होतं," ते म्हणाले. "तरी हात गेला. मी अध्यक्ष असून माझा हात गेला, मग माशाची काय कथा?"

रविवारी त्यांनी माझी वाटही पाहिली नाही. माझा जिग घेऊन गेले आणि हातभर लांबीचा मासा घेऊन आले. संध्याकाळच्या सभेत नियम एकमताने मंजूर झाला. आभार मी मानले.

आता क्लबमध्ये तो नियम सगळ्यात काटेकोरपणे मीच पाळतो. पाळावाच लागतो. मला अजून वितीपेक्षा मोठा मासा लागलेला नाही.