तोंडभर होकार

माणसाला तोंड एकच असून आत जाणारा घास आणि बाहेर पडणारं मत यांची वाहतूक त्याच एका रस्त्याने होते. त्यामुळे महत्त्वाची बोलणी जेवताना करू नयेत, हे शहाण्या माणसाला सांगावं लागत नाही. दातांच्या डॉक्टरांना मात्र सांगायला हवं होतं.

डॉक्टरांची लेक त्या दिवशी पाचच्या आत कॉलेजचा अर्ज भरणार होती. अर्जात दंतवैद्यक निवडावं, असा ठराव डॉक्टरांनी घरात मांडला होता आणि लगेच स्वतःच मंजूरही केला होता. दवाखान्यात दुसरी खुर्ची आली होती (प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही). पाटीवर 'आणि कन्या' रंगवून झालं होतं (वर तूर्त कागद चिकटवलेला आहे). लेकीला शिकायचं होतं समुद्रातलं शेवाळ. शेवाळाला दात नसतात, हा डॉक्टरांचा त्यावरचा एकमेव, पण बिनतोड मुद्दा होता.

शेवटची बोलणी बाहेर जेवता जेवता करू, असं लेकीनं सुचवलं आणि जागाही तिनंच ठरवली. जागा अत्यंत प्रगतिशील होती. बर्गरचा पाव एका देशाचा, आतला आंबवलेला कोबी दुसऱ्याचा, सॉस तिसऱ्याचा, आणि हे सगळं एका काडीनं भोसकून एकत्र ठेवलेलं. स्टुलं इतकी उंच, की पन्नाशीच्या माणसाचे पाय लोंबकळावेत. बर्गरबरोबर काळे रबरी हातमोजे मिळाले. डॉक्टरांनी ते अशा काही सफाईनं चढवले की शेजारच्या टेबलावरच्या बाई किंचित मागे सरकल्या.

बर्गरची उंची डॉक्टरांनी नजरेनंच मोजली. अकरा सेंटिमीटर. धडधाकट माणसाचं तोंड उघडतं साडेचार, फार तर पाच. उरलेल्या सहांची सोय ग्राहकानं कुठे करायची, याबद्दल मेनूकार्डात काहीही म्हटलेलं नव्हतं. सुरी मागावी तर लेक म्हणणार, बाबा जुनाट. आज तसं दिसून चालणार नव्हतं. सव्वीस वर्षं लोकांना 'अजून मोठा आ, अजून' असं दटावणाऱ्या डॉक्टरांनी मग स्वतः तेवढा आ केला. जबडा कट्कन वाजला. (हा आवाज पेशंटच्या जबड्यातून आला की ते 'काही होत नाही' असं सांगतात.) बर्गर आत शिरला खरा, पण आता तो पुढेही जाईना आणि मागेही येईना.

नेमका तेव्हाच लेकीनं फोन पुढ्यात घेतला. पाचला सात मिनिटं कमी होती.

"बाबा, शेवाळच भरते. चालेल ना?"

डॉक्टर म्हणाले, "आँ."

आता, दातांच्या दवाखान्याची एक पद्धत आहे. पेशंटच्या तोंडात दोन हात, आरसा आणि नळी घालायची आणि मगच विचारायचं, "दाढ काढून टाकू ना?" पेशंट "आँ" म्हणतो. तो होकार धरतात. डॉक्टरांनी सुमारे नऊ हजार दाढा अशाच सर्वानुमते काढल्या (एकही तक्रार नाही, तोंड बधिर असतं). लेक लहानपणी शाळा सुटली की त्याच दवाखान्यात बसून गृहपाठ करायची. पद्धत तिला तोंडपाठ होती. तिनं बटण दाबलं.

घास गिळायला डॉक्टरांना चार मिनिटं लागली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कोबीच्या तिखटाचं नव्हतं. "अगं, मी नाही म्हणत होतो," ते म्हणाले.

"पेशंटपण नाहीच म्हणत असतात, बाबा."

डॉक्टरांना हसू आलं. त्यांनी हातमोजे काढले आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच रिकाम्या तोंडाच्या माणसाला प्रश्न विचारला, की त्या शेवाळात एवढं असतं तरी काय. लेक पाऊण तास बोलत होती. बर्गर गार झाला.

वाचकहो, डॉक्टरांना खुशाल हसा. तुमच्या घरात सगळं एकमतानं चालतं, असं तुम्ही चारचौघांत सांगताच. एकदा बघून घ्या, घरच्यांच्या तोंडात हात कोणाचा आहे.